केबिनभोवतीची हिरवळ

२८ नोव्हेंबर

पोचले एकदाची! क्वीन्सटाउनला उतरले तर सूटकेसचं एक चाक वाटेतच कुठेतरी निखळलेलं. ती फरफटत ओढत बाहेर आले आणि समोर मोरेश्वरकाका, ज्यांच्या शेतावर मी कामाला आलेय. हातात पाटी नाही, काही नाही, लांबूनच ओरडले, इरावती ना, ये, ये! अख्ख्या विमानतळावर मराठीतून हाक ऐकली आणि मला इतकं भरून आलं की तिथेच वाकून नमस्कार केला. काका गडबडलेच. म्हणाले, अगं, इथे हे कुणी करत नाही, मीही विसरलो होतो.

सेंट्रल ओटॅगो म्हणजे कॅलेंडरवरचं न्यूझीलंड नव्हेच. हिरवं सगळं मागे राहतं आणि मग उघडेबोडके तपकिरी डोंगर, काळे खडक, पाऊस नावापुरता. काका ह्याला 'आमचं वाळवंट' म्हणतात. टेकड्यांवर रानटी थाइम माजलाय, काच खाली केली की ओव्यासारखा वास येतो. ह्या सगळ्याच्या मध्ये काकांचं शेत. चाकांवर गोल फिरणारा, पाणी फवारणारा लांबलचक नळ आणि त्याखाली गाजर, खायचं नाही, बियाण्याचं. फुलांच्या पांढऱ्या छत्र्या नुकत्या उघडतायत. सगळं ऑर्गॅनिक, औषधाचा थेंब नाही. तण आणि कीड ह्यांच्यावर नजर ठेवायची, हे माझं काम. पामर्स्टन नॉर्थच्या विद्यापीठात एवढी वर्षं तेच शिकले, आता करून दाखवा म्हणावं.

आणि राहायला केबिन! कोरी करकरीत, ट्रकवरून आणून ठेवलेली, रंगाचा वास अजून जायचाय. शेताच्या पार टोकाला आहे, काकांच्या घरापासून लांब. चहूकडे करपलेलं गवत आणि माझ्या केबिनभोवती मात्र अशी दाट हिरवळ की अनवाणी चालावं. स्प्रिंकलर दिवसभर चालू. ह्या दुष्काळी मुलखात एवढं पाणी माझ्यासाठी, मला लाजच वाटली. काकांच्या बायकोने, शांताकाकूंनी, फ्रीज ठासून भरून ठेवला होता. लोणी, दही, श्रीखंड, मेथीचे ठेपले. मी म्हटलं, काकू, मी एकटी आहे, वऱ्हाड नाही. त्या म्हणाल्या, तू खा गं, बारीक आहेस, जरा भर अंगावर.

श्रियाची शाळा नाताळाआधी सुटली की नितीश तिला आणि सगळं सामान गाडीत घालून वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलहून निघणार. फेरी बोट, मग ख्राइस्टचर्चला मुक्काम, मग इथे. आमचा संसार आजवर शनिवार-रविवारचाच होता. मी पामर्स्टन नॉर्थला, ती दोघं वेलिंग्टनला, आणि दर रविवारी संध्याकाळी ती पोर गाडीच्या काचेला नाक लावून बसायची. आता पुरे झालं. येत्या जानेवारीपासून रोज सकाळी तिची वेणी मी घालणार, बस.

३० नोव्हेंबर

दिवसभर पॅडॉक, म्हणजे कुंपणातलं शेत, तुडवला. अशा कामात नागमोडी चालायचं, मध्ये मध्ये थांबून पान उलटायचं. कीड कधी पानाच्या तोंडावर बसत नाही, पाठीला बसते. पहिल्या वर्गात पहिल्या दिवशी शिकवतात ते.

पण इथे पाठ कोरी! मावा नाही, तुडतुडे नाहीत, पिवळे चिकट सापळे जसे लावले तसे. तणसुद्धा नाही. ऑर्गॅनिक शेत इतकं स्वच्छ मी जन्मात पाहिलेलं नाही. काकांना म्हटलं, काका, मला पगार कशाचा देताय? ते हसले, म्हणाले, अगं, पुढे लागेल काम.

गंमत म्हणजे सगळं तण आहे ते माझ्या केबिनमागे. चाकवत! अहो, चाकवत, गुडघाभर! इथले लोक त्याला तण म्हणून शिव्या घालतात. आणि घोळ, माठ. मी उपटायला गेले तर काकू लांबून पळत आल्या आणि ते राहू दे म्हणाल्या, तुझ्यासाठीच ठेवलंय. दुपारी त्याच चाकवताची ताकातली भाजी करून पाठवली, वर लसणीची फोडणी. मी बोटं चाटत जेवले. शेजारी तण पोसणं म्हणजे किडीला आवतण देणं, हे मला कळत नाही असं नाही. पण हातातोंडाशी चाकवत आल्यावर कसलं शास्त्र!

४ डिसेंबर

आज घरी गेले. ईशा भेटली, काकांची एकुलती मुलगी. नवरा ऑकलंडकडे, पापाटोएटोला, ही पहिल्यापासून माहेरी, दिवस भरत आलेत. काकूंनी वाटेतच सांगून ठेवलं की आधीचं बाळ राहिलं नाही, पाळण्यातच गेलं, तेव्हा तिच्यासमोर विषय काढू नकोस.

घराच्या प्रत्येक खिडकीला दुहेरी जाळी. आत वेखंड आणि कडुनिंबाचा इतका वास की डोळे चुरचुरले. ईशाच्या गळ्यात, मनगटाला, उशीखाली वेखंड. आणि खायला काय, तर मऊ भात नि मीठ. तोंड पांढरंफटक. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचे असे हाल मी ऐकलेले नाहीत. माझ्या हातात मात्र काकूंनी डबा दिला. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, साजूक तूप. मी म्हटलं, काकू, दिवस हिला आहेत, मला नाहीत! काकू हसल्याच नाहीत. ईशाने लाडवांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिचे डोळे भरले. डोहाळे लागले असतील, दुसरं काय. मी एक लाडू पुढे केला तर काकूंनी माझा हात धरून मागे घेतला.

परत येताना उगाच अस्वस्थ वाटत होतं. केबिनमध्ये बसवेना, हिरवळीवर फेऱ्या मारत राहिले. उन्हाळ्यात इथे उजेड हटत नाही, जेवण झालं तरी ऊन. त्यामुळे असेल.

८ डिसेंबर

शेतातले सापळे अजून रिकामे. हे कसं शक्य आहे? शेवटी उरलेलं एक पिवळं कार्ड केबिनच्या व्हरांड्यात टांगलं, सहज. आज सकाळी पाहिलं तर कार्ड पिवळं दिसतच नव्हतं.

राखाडी किडे, तांदळाएवढे. पंख पिठाळ, हात लावला की बोटाला राख लागते. भिंगाखाली घातला. कुठल्याच कुळात बसेना. तोंडाचे भाग पान कुरतडणाऱ्यासारखे नाहीत, शोषणाऱ्यासारखेही नाहीत. मी पुस्तकं उघडली, फोटो काढले, माझ्या जुन्या सरांना पाठवले. खरं सांगू? आनंद झाला. नवीन जात सापडली तर नाव कुणाचं लागेल? श्रियाचं लावीन!

काका मात्र खूश झाले नाहीत आणि चकितही झाले नाहीत. नुसतं विचारलं, किती दिवस झाले दिसायला लागून? आणि मान हलवून गेले.

दुपारी काकू तेलाची वाटी घेऊन आल्या. दिवसभर उन्हात असतेस, माझ्या हातचं मालिश घे. नको नको म्हणत घेतलंच. मोठ्या माणसाला किती वेळा नाही म्हणणार? तेलात ओवा, बाळंतशेपा. मग घरून आणलेली कोळशाची शेगडी, धुरी. पुण्याला श्रियाच्या वेळी आईने दिली होती, अगदी तश्शी. ईशाचा एक जुना गाऊनही आणला होता, धुतलेला नव्हता. हाच घाल, म्हणाल्या, सुती आहे.

११ डिसेंबर

झोप नाही. बसलं की उठावंसं वाटतं, उठलं की चालावंसं. खाज म्हणावी तर कातडीवर काही नाही, आतून कुणीतरी चुळबुळ करतंय असं. नितीश व्हिडिओवर म्हणाला, इरा, जरा एका जागी बस, मला चक्कर येतेय. श्रियाने नवे टॉग्ज, पोहायचे कपडे, घालून दाखवले, स्प्रिंकलरखाली नाचायला. मम्मा, इज देअर हीप्स ऑफ ग्रास? मी म्हटलं, आहे बाई, हीप्स. ती मराठीत ऐकते आणि इंग्रजीत उड्या मारते.

सामानासाठी रोडवरच्या डेअरीत गेले, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. दुकानातल्या बाईने किओरा म्हणून स्वागत केलं, कुठे राहतेस विचारलं. सांगितलं. म्हणाली, अच्छा, त्या नव्या केबिनमध्ये! ती तिसरी केबिन ट्रकवरून जाताना मी पाहिली. आधीच्या दोन्ही जळाल्या, बिचाऱ्यांचं नशीबच वाईट. आणि तो आधीचा मुलगा, संग्राम, गोड पोरगा होता, रोज इथे कॅलामाइन न्यायला यायचा.

कॅलामाइन. खाजेवर लावतात ते.

काकांना विचारलं. संग्राम ऑस्ट्रेलियाला गेला म्हणाले. त्याचे गमबूट अजून शेडमध्ये आहेत, त्यात त्याचे मोजेसुद्धा तसेच.

१३ डिसेंबर

आज एक गोष्ट मुद्दाम तपासली. वारा वायव्येचा, गरम, केबिनवरून घराकडे जाणारा. किडे वाऱ्याबरोबर घराकडे जायला हवेत. गेले नाहीत. सगळे व्हरांड्यात, कठड्यावर, खिडकीच्या काचेवर. आणि सगळ्यांची तोंडं आत. मी स्वयंपाकाच्या ओट्याकडून पलंगाकडे गेले तर काचेवरची सगळी रांग वळली.

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

१४ डिसेंबर

अंघोळ करताना दंड वर केला. खालच्या बाजूला, काखेपासून कोपरापर्यंत, बारीक पिवळसर ठिपके. रांगेत. एकमेकांना चिकटून, ओळी कशा सुबक, अगदी आखल्यासारख्या.

मी अशा ओळी शेकड्यांनी पाहिल्यात. कोबीच्या पानावर, वांग्याच्या, कपाशीच्या. अंडी आहेत ही. पानाच्या पाठीला घालतात तशी.

मांडीच्या आतही आहेत. मानेमागे हाताला लागतायत. खरवडली तर रक्त आलं, अंडी निघत नाहीत.

१५ डिसेंबर

काल मदतीच्या नंबरवर फोन केला. नर्स म्हणाली, खरूज असेल, क्रीम लावा, जवळच्या मेडिकल सेंटरला दाखवा. म्हणून आज काकांची युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, घेऊन निघाले.

फाटक ओलांडलं तेव्हा आरशात पाहिलं. मागे धूळ होती. कच्चा रस्ता आहे, धूळ असणारच. डांबरी रस्ता लागला तरी धूळ तशीच मागे येत राहिली.

मेडिकल सेंटरात बसायच्या जागेत एक बाई बाबागाडी घेऊन. मी लांब कोपऱ्यात बसले. दार उघडायचं, मिटायचं, आणि दर वेळी थोडे थोडे आत येत होते. माझ्यावर बसले. मग एक उडाला आणि बाबागाडीच्या छपरावर बसला. मग दुसरा. मग पाच-सहा. बाळ झोपलेलं होतं. किडे छपराच्या कडेवरून आत वाकून पाहत होते.

मी उठून पळत सुटले. बाई दचकून ओरडली. मी युटमध्ये बसले तसे सगळे भसकन माझ्याकडे परत आले, बाबागाडी रिकामी झाली. मी जवळ नसते तर ते त्या बाळापर्यंत पोचलेच नसते. त्यांना माणूस हवाच, पण लहान मूल दिसलं की मला सोडून तिकडे वळतात.

रडत रडत परत आले. दुसरीकडे कुठे जाणार होते?

नितीशला फोन लावून ओरडले, येऊ नका, श्रियाला आणू नकोस, माझी शपथ आहे. तो समजावत बसला, नव्या जागेत तुझं असंच होतं, हॉस्टेलवर गेलीस तेव्हाही झालं होतं. मी म्हटलं, नितीश, मी तुझ्या पाया पडते. मग तो बरं म्हणाला.

१६ डिसेंबर

आता सगळं कळलं. क्रमाने लिहायचंय. हात चालता ठेवला की खाज सोसवते, थांबला की नाही.

काका आले, व्हरांड्याच्या बाहेरच उभे राहिले. मी विचारलं, हे काय आहे? त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, सापळा पीक तुला मी शिकवायला हवं का?

नको. मला येतं. मुख्य पीक वाचवायचं तर त्याच्या कडेला दुसरं पीक लावायचं, किडीला जास्त आवडेल असं. त्याला पाणी जास्त, खत जास्त. त्याच्यातलं तण काढायचं नाही. त्याच्यावर फवारणी करायची नाही. मुख्य पिकाला मात्र किडीला नकोसा वास द्यायचा. कीड इकडून हाकलली जाते, तिकडे ओढली जाते.

वेखंड तिला. लाडू मला. तिचा गाऊन, तिचं मालिश, तिची धुरी, म्हणजे बाळंतिणीचा वास तिच्यापेक्षा मला जास्त यावा. आणि मी मूर्ख, आपली माणसं, आपल्या हातचं, नाही कसं म्हणायचं म्हणून सगळं घेत गेले. कुणी गोऱ्याने रोज डबा आणला असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, का रे बाबा?

काका म्हणाले, ईशाचं पहिलं बाळ ह्या किड्यांनीच नेलं. ह्या डोंगरात नळ टाकला, जमीन भिजली, त्या वर्षी हे वर आले. पाळण्यात सकाळी काय होतं ते मी तुला सांगणार नाही. औषधाने मरत नाहीत, ऑर्गॅनिक मी हौसेने झालेलो नाही. मग पहिल्या केबिनमध्ये एकजण राहिला, तेव्हा कळलं की ह्यांना असं एका जागी गोळा करता येतं.

मी विचारलं, संग्रामचं काय झालं. ते म्हणाले, अंडी फुटायच्या आधी सापळा पीक जाळावं लागतं. हेही तुला ठाऊक आहे.

आणि रडले. खरंच रडले. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला आणि त्याच वेळी वाटलं, श्रिया पाळण्यात असती तर मी काय केलं असतं?

युटची किल्ली घेऊन गेले. वायफाय बंद केलं, आणि इथे मोबाइलला रेंज नाही, फोन त्याच्यावरच चालायचा.

१७ डिसेंबर

फाटकापर्यंत चालत गेले. हिरवळ सोडली की घसा सुकतो, पाय आपोआप मागे वळतात. परत येऊन स्प्रिंकलरखाली तोंड उघडून पडले. किडेही माझ्याबरोबर ओले झाले, उडाले नाहीत.

लांब डोंगरात जाऊन मरावं? पण मग हे मोकळे होतील आणि जवळ असेल त्या मुलाकडे जातील. ईशाचं बाळ आज-उद्या येईल. तिने तरी माझं काय बिघडवलंय? ती रडली होती माझ्यासाठी.

निदान माझी दोघं येत नाहीयेत. देवा, तेवढं तरी बरं केलंस.

१८ डिसेंबर

काकूंनी डबा ठेवला. मी दारातून ओरडले, नको तुमचं काही. त्या मान खाली घालून म्हणाल्या, नितीशना मीच फोन केला होता गं. सांगितलं, इरावती तापाने फणफणलीय, भ्रमात काहीबाही बोलते, श्रियाचं नाव घेते. लगेच या. ती निघाली आहेत. रात्रीच्या फेरी बोटीत बसतील, परवा दुपारपर्यंत इथे.

का? का, काकू?

डबा ठेवून गेल्या.

पण मला — मला उत्तर येतंय. मीच प्रॅक्टिकलच्या वहीत लाल पेनाने लिहिलं होतं. जुनी ओळ जाळण्याआधी नवी ओळ तयार हवी. नाहीतर उरलेली कीड थेट मुख्य पिकावर — 

श्रिया सहा वर्षांची आहे. सहा वर्षांची आहे हो!

१९ डिसेंबर

अंडी काळपट झालीत. फुटायच्या आधी होतात.

काडेपेटी शोधली. केबिनमध्ये नाही. स्वयंपाकाची शेगडी इंडक्शनची. ह्यांनी विचार करूनच — 

तारा उपसून ठिणगी पाडायला गेले, नुसता फ्यूज उडाला.

एकच मार्ग आहे. ती यायच्या आधी मी जळायला हवं. केबिनसकट, ह्या सगळ्यांसकट. मग श्रियाच्या वाट्याला काही उरणार नाही. काका, या ना. शेडमध्ये तण भाजायचं गॅसचं यंत्र आहे तुमचं, ट्रॅक्टरला जोडून आणा. मी दार उघडणार नाही, ओरडणार नाही. फक्त आधी या.

किती घाण झालंय मन, मी हे मागतेय.

नितीश, तुझ्यावर राग नाही. तू बायको आजारी म्हणून धावतोयस, दुसरं काय करणार होतास.

२० डिसेंबर

सकाळ. ऊन. खिडकीच्या काचेवर लिपस्टिकने इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलंय, परत जा. आतून लिहिलं, बाहेरून उलटं दिसेल. पुसून परत — जमलं. किडे अक्षरांवर बसले. काही वाचता येणार नाही.

बाहेर जाऊन अडवू? मी गेले की हे माझ्याबरोबर थेट तिच्या अंगावर — मेडिकल सेंटरसारखं — नाही. आतच. कडी लावलीय. कपाट दाराला लावलंय.

ट्रॅक्टर. 

ट्रॅक्टर येतोय. आले काका, आले. मागे गॅसच्या टाक्या. थँक्यू. थँक्यू काका, लवकर. 

अंग भरून आलंय. दंडावर काहीतरी हलतंय, त्वचेखाली, लवकर — 

दुसरा आवाज. खडीवर टायर.

नाही नाही नाही. दुपारी यायचे होते. पहाटेच निघाला असणार, माझ्या काळजीने, वेडा — 

आधी ट्रॅक्टर. आधी ट्रॅक्टर येऊ दे. फाटकाशी दोन्ही — 

काकांनी ट्रॅक्टर थांबवला. बाजूला घेतला. गाडीला वाट दिली. हात हलवतायत. नितीश काच खाली करून हसतोय. काकू पळत येतायत, हातात डबा, खांद्यावर टॉवेल, लाडू काढून श्रियाच्या तोंडात — 

थुंक गं बाळा थुंक ते — 

दार उघडलं गाडीचं. पायातल्या जँडल्स काढतेय. स्प्रिंकलरकडे धावतेय, हिरवळीवर — 

काचेवरचे सगळे वळले. तोंडं बाहेर.

माझी खाज थांबली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हात शांत आहे, आता लिहायला नको, आता दार, कपाट सर — श्रि